दोनच तर लिंगं!

मराठी माणूस स्पॅनिशच्या वर्गात शिरतो तो छाती पुढे काढूनच. तो, ती, ते अशी तीन लिंगं घरात नांदवणाऱ्याला दोनांचं काय भय? पुल्लिंगाला ‘एल’, स्त्रीलिंगाला ‘ला’. नामाच्या शेवटी ‘ओ’ असेल तर बुवा, ‘आ’ असेल तर बाई. घोडा, आंबा, वाडा यांच्यावर पोसलेल्या जिभेला ही आकारान्त बाई जरा जड जाते, पण रुळते.

मग ‘मानो’ भेटतो. म्हणजे हात. शेवटी ठसठशीत ‘ओ’, तरी ‘ला मानो’! चौकशी केली तर कळतं, लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणत आणि हा मानुस बाई होता. दिवस मात्र ‘एल दिआ’. प्रोब्लेमा, सिस्तेमा, क्लिमा ही ग्रीक मंडळी मुळात नपुंसकलिंगी. स्पॅनिशमध्ये नामांसाठी ती खोलीच उरली नाही, म्हणून पुरुषांत दाटीवाटीने राहिली. चांदोमामा तिकडे ‘ला लुना’, म्हणजे मावशी.

पाण्याची तऱ्हा आणखी न्यारी. थंड पाणी म्हणजे ‘एल आग्वा फ्रीआ’. पुढे पुरुषी ‘एल’, मागे बायकी विशेषण. खरं तर हा ‘एल’ पुरुष नव्हेच. जुन्या स्त्रीलिंगी ‘एला’चा ‘आ’ आग्वाच्या ‘आ’त विरघळला आणि बिचारी उगाच मिशा लावून फिरते आहे.

लिंग चुकलं की अर्थच फिरतो. ‘एल पापा’ म्हणजे पोप. लॅटिन अमेरिकेत ‘ला पापा’ म्हणजे बटाटा. लिमात कुणी भक्तिभावाने ‘ला पापा’च्या दर्शनाला निघालंच, तर त्याला भाजीबाजारात सोडतील.

आणि समुद्र? ‘मार’ दोन्ही लिंगांत चालतो. चारचौघं ‘एल मार’ म्हणतात. खलाशी, कोळी आणि कवी ‘ला मार’. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीतला क्यूबाचा म्हातारा कोळी समुद्राला मायेने ‘ला मार’ म्हणतो, तर मोटारबोटी घेतलेली तरुण पोरं ‘एल मार’. इंजिन आलं, बाईचा बुवा झाला.

इथे मात्र आपला विद्यार्थी वही आपटतो. एकच शब्द कधी तो, कधी ती, हा काय पोरखेळ?

“अहो, निघायची वेळ झाली,” बायको आतून ओरडते.

“थांब गं! या ‘मार’ने माझा किती वेळ खाल्ला!”

दोघांनाही काहीच खटकत नाही.