म्हशींच्या मागून कातळधारला

सह्याद्रीत माणूस वाट नाही म्हणून चुकत नाही, वाटा फार म्हणून चुकतो. राजमाचीच्या पठारावरून कातळधार धबधब्याच्या दरीत उतरू पाहणाऱ्याला हे फार लवकर कळतं. लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत उधेवाडीला जाणारा रस्ता तसा सरळ आहे. चिखल असला तरी चुकायची सोय नाही. तो सोडून दरीकडे वळलं की मात्र दर दहा पावलांवर फाटा, आणि प्रत्येक फाटा छान मळलेला. ज्यांनी तो मळवला त्यांना धबधब्यात काडीचा रस नसतो. त्या ढोरवाटा असतात.

म्हैस फार ठामपणे चालते. तिची वाट बघून वाटतं, ही थेट मुक्कामाला नेणार. आणि नेतेही, फक्त मुक्काम तिचा असतो. अर्धा तास करवंदीच्या काट्यांतून वाकून गेल्यावर एक डबकं लागतं. वाट काढणारी बाई त्यात मानेपर्यंत बुडालेली असते. ती आपल्याकडे बघते, कान हलवते आणि सरकून जागा करून देते.

आमच्यातल्या एकाने कुणा अनोळखी ट्रेकरचा जीपीएस ट्रॅक मोबाइलवर उतरवून आणला होता. त्या निळ्या रेघेला एका ठिकाणी गाठ पडली होती. तो गृहस्थ तिथे गोल गोल फिरला होता. गाठीपाशी पोचल्यावर आमचं चर्चासत्र भरलं. इथे गुहा असणार, असं एकाचं मत. कडा टाळायला घेतलेला वळसा, असं दुसऱ्याचं. मला पोटाची तक्रार वाटत होती. शेवटी रेघेचा मान राखून आम्हीही सगळे गोल फिरलो, आणि मोबाइलने तेही इमानदारीत नोंदवलं. आता आमचा ट्रॅक आणखी कुणीतरी उतरवून घेईल, आणि दोनेक पावसाळ्यांत तिथे प्रदक्षिणेची वाट तयार होईल.

मग मुकाट मागे येऊन फणसराईतल्या एका मामांना गाठलं. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात कोयता, पायात रबरी चप्पल. आमचे बूट दुकानदाराने ‘कुठल्याही खडकावर पकड’ म्हणून गळ्यात मारलेले. शेवाळलेल्या कातळाला ही जाहिरात माहीत नव्हती.

“मामा, लांब आहे का?”

“छ्या! हे काय, हितंच.”

“म्हणजे किती वेळ लागेल?”

मामांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पोटांपाशी जरा रेंगाळली. “त्ये तुमास्नी चालताना बघून सांगतो,” म्हणाले.

उतार कारवीच्या रानातून होता. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलून झाली की मरते. तिच्या काठ्या गावात कुडाच्या भिंतींना वापरतात, म्हणजे अंगात दम असतो. पण घसरणाऱ्या माणसाच्या हाती लागते ती नेमकी मेलेली. ती मुळासकट हातात येते आणि आपण, काठी उगारून कुणावर तरी धावून जावं तसे, खालच्या मित्रावर जातो.

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो, हा त्याचा मोठा दोष. अशा कोंडलेल्या दरीत आवाज कड्यांवर आपटून सगळीकडून येतो. डावीकडे जाऊ म्हणणारा आणि उजवीकडे जाऊ म्हणणारा, दोघांच्याही कानांत पुरावा असतो. मामा मात्र कान न देता ओढ्याच्या पाण्याकडे बघत चालले होते. पाणी कुठून येतंय हे पाण्यालाच विचारायचं, ही युक्ती आमच्यातल्या तीन इंजिनिअरांपैकी एकालाही सुचली नव्हती.

कातळधार समोर आला तेव्हा आम्ही काय पाहिलं ते सांगणं अवघड आहे, कारण तुषारांनी डोळे उघडत नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक बसलेत. टणक थर तग धरून राहतो, खालचा ठिसूळ थर झिजत जातो, आणि धारेच्या मागे भलीमोठी कपार तयार होते. तिच्यात शिरून पाण्याचा पडदा आतल्या बाजूने बघायचा, हे इथलं खरं सुख. तिथे बोलायचं तर दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. “किती सुंदर!” हे कुणाच्या कानात ओरडून बघा, लगेच खोटं वाटायला लागतं. त्यामुळे माणसं पटकन मुद्द्यावर येतात. “थालीपीठं कुणाच्या सॅकमध्ये आहेत?” हे वाक्य मात्र त्या गर्जनेत शोभून दिसलं.

मामा आकाश बघत म्हणाले, “निघा आता. वर पठारावर पडतोय. वढा फुगंल.” आमच्या डोक्यावर चक्क ऊन होतं. पण वरच्या पावसाचं पाणी दरीत निरोप न धाडता येतं, म्हणून डबे निमूट बंद केले. गड असता तर कष्ट आधीच उरकले असते. धबधबा म्हणजे उधारीवरचं किराणा दुकान, माल आधी, वसुली चढावर. त्या वसुलीबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण चढताना मला फक्त मामांच्या चपला दिसत होत्या, आणि नंतर त्याही नाही.

वर चहा घेताना आमच्यातल्या बदलापूरकराने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. “हे पाणी पुढे उल्हास नदीला मिळतं. ती कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाते. जुलै २०१९ मध्ये आमच्याकडे एवढं आलं की बदलापूर-वांगणीच्या मध्ये आख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारभर माणसं बोटीतून काढली. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं होतं. तंगडतोड कशाला करायची? पावसाळ्यात माझ्याकडे या, गॅलरीत बसा, बायको भजी तळेल.”

मामांना दिवसभरातल्या आमच्या बोलण्यात आता कुठे दम वाटला. त्यांनी बशी खाली ठेवली.

“पार्किंगचं किती घेता?”