अर्धा बाक महाराष्ट्रात

नवापूरचं रेल्वे स्थानक नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण सगळं नाही. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा सीमारेषा स्थानकातूनच गेली आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत राहिला. दारूबंदी बाकाच्या मध्यावर सुरू होते. गाडी उशिरा येणार ही वार्ता मात्र चार भाषांत ऐकायला मिळते. या बाकावर मी दोघांना बसवलं आहे. गुजरातेकडच्या टोकाला एक कार्यकर्ता : वय पंचविशीचं, एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात पॉवर बँक आणि जिल्ह्याचं भलं आज संध्याकाळच्या आत झालंच पाहिजे अशी घाई. महाराष्ट्राकडच्या टोकाला एक निवृत्त गुरुजी. त्यांनी आयुष्यभर हजेरीपट सांभाळले, निवडणुकीच्या कामात मतदार याद्या वाहिल्या, त्यामुळे कुठलीही यादी दिसली की ती कोणाच्या हाती पडेल हा विचार त्यांना आधी सुचतो. दोघेही काल्पनिक आहेत. बाक खरा आहे.

कार्यकर्ता : गुरुजी, हे बघा. ‘आवाज नंदुरबारचा’. दीडशे खाती, एका बटणात सगळी फॉलो होतात. ब्लूस्कायवर 2024 पासून अशी गठ्ठ्यानं फॉलो करायची सोय आहे, स्टार्टर पॅक म्हणतात तिला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, साही तालुके घेतलेत. पावरीत, भिलीत लिहिणारी पोरं, वनहक्काचे दावे भरून देणारे, अहिराणी विनोदवाले, दोन-तीन डॉक्टर. मुंबईच्या पत्रकाराला नंदुरबार म्हटलं की कुपोषण आणि मिरची एवढंच आठवतं. आता त्याला माणसं सापडतील.

गुरुजी : विचारलंस का त्यांना?

कार्यकर्ता : पत्रकारांना?

गुरुजी : दीडशे जणांना.

कार्यकर्ता : चांगल्या यादीत नाव घालायला काय विचारायचं? लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’च्या खाली अख्खी भावकी छापतो आपण. कोण कोणाला विचारतं? उलट नाव राहिलं तर मांडवात रुसून बसतात.

गुरुजी : पत्रिकेतली भावकी गावाला आधीच ठाऊक असते, भाऊ. तुझ्या यादीतून जे कळतं ते आजवर कोणाला एका जागी कळत नव्हतं. तू म्हणशील यादी माझी, मी केली, मी वाटली. पण फॉलो म्हण, मैत्री म्हण, ती वस्तू या बाकासारखी आहे. अर्धी तुझ्या हद्दीत, अर्धी दुसऱ्याच्या. तू तुझं टोक उघडं टाकलंस की त्याचंही उघडं पडतं, आणि त्याला सही करायला कोणी बोलावलेलं नसतं. पुरावा हवा? केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण आठव. स्वभाव ओळखण्याची एक प्रश्नावली होती, तुमची पोरं ‘तुम्ही कोणत्या मालिकेतली सून’ असलं काहीतरी खेळतात ना, त्याच जातीची. एप्रिल 2018 मध्ये फेसबुकनं स्वतः आकडा दिला : भारतात ते प्रश्नावलीचं ॲप घेतलेले 335 जण, आणि माहिती गेली असावी असे 5,62,455. या बाकीच्यांनी ना प्रश्नावली उघडली, ना कशाला हो म्हटलं. ते कोणाच्या तरी मित्रयादीत होते, इतकंच.

कार्यकर्ता : पण मी कोणाची माहिती चोरली का? सगळी खाती उघडी आहेत. कोणीही पाहू शकतं. मी फक्त एका ठिकाणी आणली. तशी मतदार यादीही उघडीच असते, तुम्हीच वाटत होतात.

(हा आक्षेप वजनदार आहे. या विषयावर बोलताना शंभरातले नव्वद लोक इथेच थांबतात आणि आपण जिंकलो असं समजून चहा मागवतात.)

गुरुजी : मिरचीच्या पथारीवर गेलास ना कधी? एकेक मिरची उन्हात पडलेली असते तेव्हा कोणी शिंकत नाही. कांडप सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकते. मिरची तीच असते. मतदार यादीचं तू काढलंस ते बरं झालं. निवडणूक आयोग यादी प्रसिद्ध करतो, पण संगणकाला शब्द शोधता येणार नाही अशा चित्राच्या रूपात. एका पक्षाच्या नेत्यानं शोधता येईल अशी प्रत मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयानं ती मागणी फेटाळली. म्हणजे उघड्या नावांचीसुद्धा सहज चाळता येणारी यादी ही वेगळी वस्तू आहे, हे मतदार यादीपुरतं तरी आपण मान्य केलंय. आणि तू तर नुसती गोळा नाही केलीस, वर शीर्षक दिलंस. आज ‘आवाज नंदुरबारचा’. शीर्षक बदलायला किती वेळ लागतो?

कार्यकर्ता : दहा सेकंद.

गुरुजी : आणि ती यादी जशीच्या तशी उचलून दुसऱ्या कोणी ‘यांना ओळखून ठेवा’ असं नाव दिलं तर? वनहक्काचे दावे भरणारे, डॉक्टर, लिहिणाऱ्या मुली, सगळे तूच चाळून, निवडून, पाखडून ठेवलेस. त्याला सूप हातात घ्यावं लागलं नाही.

कार्यकर्ता : तुम्ही फारच पुढचं बोलता. नुसत्या नावांवरून काय कळतं? त्यांनी काय लिहिलं ते बघावं लागेल ना.

गुरुजी : लिहिलेलं माणूस विचार करून लिहितो, भाऊ. फॉलो करताना कोण विचार करतं? म्हणून यादी जास्त खरं बोलते. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास छापला. माणसाच्या खात्यावरचं काहीही न वाचता, केवळ त्याचे मित्र कोण यावरून तो पुरुष समलिंगी आहे का याचा अंदाज बांधता येतो, असं त्यात दाखवलं. घरी न सांगितलेली गोष्ट मित्रांच्या नावांनी सांगून टाकली. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबाननं काबूल घेतलं, तेव्हा फेसबुकनं घाईघाईत काय केलं? अफगाणिस्तानातल्या खात्यांच्या मित्रयाद्या पाहण्याची आणि शोधण्याची सोय तात्पुरती बंद केली. कोण कोणाचा, एवढं कळलं तरी जीव जाऊ शकतो, हे कंपनीलाही ठाऊक होतं. एक्सनं जून 2024 मध्ये कोणी काय लाइक केलं ते झाकलं. फॉलोची यादी तेवढी उघडी ठेवली.

कार्यकर्ता : ते काबूल. हे नवापूर. इथे फार तर इंटरनेट जातं.

गुरुजी : इथे रोज घडतं ते आधी ऐक. कोणाच्या तरी नावानं, कोणाचा तरी फोटो लावून बनावट खातं निघतं आणि मेसेज येतो : ‘अडचण आहे, पाच हजार पाठव, उद्या देतो.’ भामट्याला यासाठी तीन गोष्टी लागतात. नाव, फोटो आणि पैसे कोणाकडे मागायचे त्यांची यादी. पहिल्या दोन गोष्टी गल्लीतल्या वाढदिवसाच्या बॅनरवरही मिळतात. तिसरी उघडी मित्रयादी पुरवते. दुसरं, एखादी मुलगी खात्याला कुलूप लावते. फेसबुकनं ही सोय भारतात 2020 मध्ये मुख्यतः बायकांसाठीच आणली. पण तिच्या भावाची यादी उघडी, मैत्रिणीची उघडी. तिच्या मागावर असलेला मनुष्य दारातून येत नाही, भावाच्या खिडकीतून येतो. जातीबाहेर लग्न करून सुरतेला गेलेलं जोडपं शोधायलाही असाच रस्ता पुरतो. आणि राईनपाडा विसरलास? शेजारच्या साक्री तालुक्यातलं. 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी व्हॉट्सॲपवर अफवा, आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त चॅटमध्ये मेसेज पुढे पाठवायला बंदी घातली. त्या दिवशी जमावाकडे कुठलीही यादी नव्हती, नुसता संशय होता. संशयाच्या हातात नावं ठेवू नयेत, एवढंच मला त्यातून कळतं.

(इथे दोघेही काही वेळ बोलत नाहीत. उद्‌घोषणा होते. गाडी आणखी उशिरा, चारही भाषांत.)

कार्यकर्ता : मग कायदा आहे ना! 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आता 2023 चा माहिती संरक्षण कायदाही आला.

गुरुजी : कायदा वाचलास तर कळेल की माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही, आणि खासगी किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीनं वापरलेल्या माहितीलाही नाही. तुझी यादी या दोन फटींतून आरामात सुटते. गंमत अशी की देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 ला. पंतप्रधान आले होते. आता त्याच आधारची झाकलेली प्रत मिळते, बारातले आठ आकडे दडवून. म्हणजे आकडा झाकायला आपण शिकलो. माणसाची माणसं झाकायची राहिली. आणि आकडा एकट्याचा तरी असतो.

कार्यकर्ता : मान्य. पण तुमचं ऐकलं तर आमच्या पोरांना कोणी शोधणारच नाही. मोठ्या शहरातल्यांना यादी लागत नाही, त्यांच्या ओळखी असतात. पावरीत कविता करणाऱ्याला यादीशिवाय कोण विचारतो? आणि आमदार-खासदार कोणाला फॉलो करतात, तेही जनतेला कळू नये का?

गुरुजी : आमदारांचं उघडं राहू दे. पद उघडं आहे, पगार आपण देतो. सरकारी कार्यालयं, संस्था, वर्तमानपत्रं, पुस्तकं छापलेले लेखक यांची यादी खुशाल कर, त्यांना ती हवीच असते. पोरांचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. लपून राहिलेला कवी सुरक्षित असतो, पण तो कवी असल्याचं कोणाला कळत नाही. म्हणून यादी मोडू नकोस. एकेकाला विचार. ‘हो’ म्हणेल त्याला ठेव, गप्प बसेल त्याला काढ, आणि शीर्षक काय देणार आहेस तेही सांग. दीडशेचे चाळीस झाले तर चाळीस. मुंबईच्या पत्रकारानं तरी दीडशे कधी वाचले असते?

(कार्यकर्ता मेसेज धाडू लागतो. नेटवर्क कधी गुजरातचं येतं, कधी महाराष्ट्राचं. पहिली दोन उत्तरं ‘हो दादा’ अशी. अहिराणी विनोदवाला विचारतो, माझं नाव पहिलं घेता येईल का. चौथं उत्तर एका मुलीचं : ‘दादा, प्लीज काढा. मी लिहिते ते घरी माहीत नाही.’)

कार्यकर्ता : काढलं. (थोडं थांबून) गुरुजी, माझ्या स्वतःच्या फेसबुकवर ‘तुमची मित्रयादी कोण पाहू शकेल’ असं आहे. ‘फक्त मी’ केलं. झालं ना आता?

गुरुजी : तुझ्या टोकाचं झालं. मित्रांच्या याद्या उघड्या असतील तर त्यात तू अजून दिसतोस. सामायिक मित्र कोण, तेही दिसतं. त्यांना फोन लाव, गाडीला वेळ आहे.