पापण्यांची परीक्षा

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जंगलाच्या आणि धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तेथील नाटकांचा हंगाम धान घरात आल्यावर, साधारणपणे दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशात कार्यालये थाटून बसलेल्या मंडळ्या त्याआधीच नटांची निवड उरकतात. शहरी रंगकर्मी ज्याला ‘ऑडिशन’ म्हणतात, त्या विधीत उमेदवाराने स्वगत म्हणून पात्राची आंतरिक गरज उलगडायची असते; झाडीपट्टीत मात्र गरज निव्वळ शारीरिक, कारण रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही, तेव्हा परीक्षा गळ्याची आणि त्याहून अधिक पापण्यांची होते. प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून संवाद पुरवणारा इसम, हा येथील खरा परीक्षक मानावा लागेल. तालमी मोजक्याच होत असल्याने पाठांतर पक्के पण कान जड असलेल्या नटापेक्षा, पाठांतर शून्य पण कान तिखट असलेला नट केव्हाही सरस ठरतो (अभिनयशास्त्राच्या ग्रंथांत या इंद्रियाची उपेक्षा झाली आहे). खलनायकाच्या हास्याची चाचणी मांडवाच्या शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून डुलक्या घेणाऱ्या प्रेक्षकाला प्रमाण मानून व्हावी, हे ओघानेच आले. मुंबईहून बोलावलेल्या मालिकेतील ताऱ्याला यातले काहीच लागू नाही. त्याचा चेहरा फलकावर तळहाताएवढा छापून झाल्यावर त्याला साजेशी भूमिका नाटकात शोधली जाते, आणि न सापडल्यास लिहवून घेतली जाते.