पाऊस दोन पाळ्यांत

प्रवासाला निघणारा मराठी माणूस ‘काय बघायचं’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘तिकडे पाऊस कधी असतो?’ आपला हिशेब सरळ असतो. मृगाच्या आगेमागे पाऊस येतो, गणपतीत मांडववाल्यांना रडवतो, दसऱ्याच्या सुमाराला निरोप घेतो. उरलेले महिने आपले. हाच हिशेब घेऊन आमचे एक भावजी श्रीलंकेच्या वाटेला लागले आणि नकाशासमोरच अडकले.

कारण त्या बेटावर पाऊस गिरणीसारखा दोन पाळ्यांत चालतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे कोलंबो, गॉल आणि डोंगरांचे पश्चिम उतार भिजवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे त्रिंकोमालीचा पूर्व किनारा आणि उत्तर भाग भिजवतात. मधोमध डोंगर उभे आहेत. त्यांतला सर्वांत उंच पिदुरुतालागला, २,५२४ मीटर. एका बाजूला धो धो कोसळत असतं तेव्हा दुसरीकडे वाळवण घालता येतं. महाबळेश्वराहून वाईला उतरणाऱ्यांना यात नवल वाटू नये, पण आपला सह्याद्री एकाच अंगाने भिजतो. तिकडचे डोंगर कूस बदलतात. त्यातही मधल्या सुट्टीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस कुठेही आणि मनाला येईल तेव्हा पडतो. हा सगळा खेळ महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या जागेत.

“म्हणजे पूर्ण कोरडा महिना कुठला?” भावजींनी विचारलं. सहलवाल्या मुलाने बराच वेळ कॅलेंडर चाळलं आणि तापाच्या पेशंटबद्दल डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, “फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात बरा.”

खरं तर क्रिकेट बघणाऱ्या देशाला हे कळायला हवं होतं. २००२ची चॅम्पियन्स ट्रॉफी. २९ सप्टेंबरला कोलंबोत भारत-श्रीलंका अंतिम सामना. श्रीलंकेने पन्नास षटकं खेळून काढली, आपली दोन झाली आणि आभाळ फाटलं. राखीव दिवशी डाव पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्यांची पन्नास षटकं, आणि आपलं नववं षटक चालू असताना पुन्हा पाऊस. शंभरावर षटकं टाकून निकाल शून्य. चषक दोघांत वाटला. सप्टेंबर संपत आला म्हणजे पाऊस गेलाच, असं त्या तारखा ठरवताना कुणीतरी ठामपणे म्हणालं असणार, आणि तो माणूस आपल्या बाजूचा असावा असा मला दाट संशय आहे.

आभाळाचं हे असं, तर सुट्ट्यांचा कारभार चंद्राकडे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद. समुद्रावर पूर्ण चंद्र, हातात पेला, शेजारी नवी बायको, असं चित्र मनात रंगवून गेलेल्या नवऱ्यांना चंद्र मिळतो, बायकोही मिळते, पेल्यात मात्र शहाळ्याचं पाणी येतं. एके काळी तर चंद्राचा अंमल याहून कडक होता. १९६६ साली सरकारने रविवारची साप्ताहिक सुट्टी काढून चंद्राच्या चार कलांना दिली. चंद्राला सात दिवसांचं बंधन नाही, त्यामुळे आठवडा कधी सातचा, कधी आठचा. बाकीच्या जगाशी व्यापार करणाऱ्यांनी ते कसं निभावलं असेल कोण जाणे. १९७१ मध्ये शनिवार-रविवार आले, आणि पौर्णिमेची सुट्टी तेवढी शिल्लक राहिली. आठव्या दिवशीही कचेरीत जावं लागणाऱ्या कारकुनाने चंद्राकडे बघून काय म्हटलं असेल, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

वैशाखी पौर्णिमा म्हणजे वेसाक. ती मे महिन्यात येते, म्हणजे पहिल्या पाळीचा भोंगा वाजण्याच्या सुमाराला. घरोघरी कागदी कंदील लागतात, चौकांत जातककथांच्या चित्रांच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या प्रचंड कमानी उभ्या राहतात, आणि पावसाची सर आली की कंदील वाचवायला गल्लीभर धावपळ उडते. रस्त्याकडेला ‘दन्सल’ लागतात, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीमसुद्धा. वाहनं थांबवून आग्रह होतो. आपल्याकडचा सहलीला आलेला माणूस इथे बावचळतो. “कितीला?” असं दोनदा विचारतो, आणि फुकट आहे कळल्यावर आणखीच सावध होतो.

पण महाराष्ट्रातून जाणारे सगळे असे नसतात. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला जाणारे उपासक पौर्णिमा आधी बघतात, पाऊस नंतर. पडला तर छत्री आहेच. १९५० साली बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर सिलोनला गेले तेही मेअखेरीस, ऐन पावसाच्या तोंडावर. ज्याला तिथे काही काम आहे, तो सीझन विचारत बसत नाही. भावजींना हे पटवायचा मी प्रयत्न केला. ते म्हणाले, “मला काम नाही, रजा आहे.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये जावं, तर तेरा-चौदा तारखेला त्यांचं नवं वर्ष. सूर्य मीनेतून मेषेत जातो त्या संधिकाळात चूलसुद्धा पेटवायची नाही; ती पुन्हा कधी पेटवायची, पहिला घास कधी घ्यायचा, याचे मुहूर्त ज्योतिषी काढतात आणि देशभर घरोघरी ते मिनिटाबरहुकूम पाळले जातात. कोलंबोतली माणसं गावी गेलेली, दुकानं बंद. कुणी घरी बोलावलं तर नारळाच्या दुधातला भात आणि तळलेले कोकीस मिळतात. नाही बोलावलं तर बॅगेतल्या चकल्या.

शेवटी भावजींनी कॅंडीचा एसल पेराहेरा धरला. जुलै-ऑगस्टात रात्रींमागून रात्री चालणारी मिरवणूक: चाबकांचे फटकारे, पेटते गोळे फिरवणारे, ढोल, नर्तक, झुली घातलेले हत्ती, आणि त्यांतल्या मानाच्या हत्तीच्या पाठीवर बुद्धाच्या दंतधातूची मंजूषा. स्थानिक लोक दुपारपासून फुटपाथवर बैठक मारतात. परदेशी पाहुण्यांना खुर्च्या मिळतात, चांगल्याच महाग. एवढे पैसे मोजल्यावर रात्र कोरडी जावी ही पाहुण्याची अपेक्षा रास्तच आहे. अडचण एवढीच की या उत्सवाचं एक मूळ पाऊस मागण्याच्या विधीत आहे. म्हणजे पुढे शेकडो नर्तक आणि हत्ती परंपरेने पाऊस मागताहेत, आणि मागे खुर्चीवर बसून आमचे भावजी एकटेच तो पडू नये म्हणून मारुतीस्तोत्र पुटपुटताहेत. रात्री साडेनऊला सर आली. त्यांनी छत्री उघडली आणि मागच्या तीन रांगा, तीन वेगवेगळ्या भाषांत, एकदम ओरडल्या.