केसांचा जीर्णोद्धार

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यापासून थेट तालुक्याच्या पेठेपर्यंत ज्या वातानुकूलित सलूनांचा सध्या सुकाळ झाला आहे, त्यांच्या दरपत्रकाचे जो कोणी स्वस्थ चित्ताने अवलोकन करील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही, की त्याच्या वरच्या निम्म्या भागात केसांची नासाडी करण्याचे दर असतात आणि खालच्या निम्म्या भागात तीच नासाडी निस्तरण्याचे. वर ब्लीच, कलर, स्मूदनिंग. खाली केराटिन, हेअर बोटॉक्स, हेअर स्पा. वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही वकीलपत्र एकाच इसमाने घ्यावे, हा प्रकार दिवाणी न्यायालयात खपला नसता. येथे दोन्ही कामे एकदम दिल्यास सूट मिळते.

या व्यवहारातील मूळ अडचण अशी, की कातडीबाहेर आलेला केस हा मृत पदार्थ आहे. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, जखम भरून काढील अशी जिवंत पेशी नाही. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा, त्यावर एकमेकांवर चढलेले खवले आणि सर्वांत वर स्निग्ध द्रव्याचा अतिसूक्ष्म थर, एवढाच त्याचा संसार. ब्लीच हा थर पहिल्याच भेटीत बहुतांशी उतरवते. त्यानंतर 'रिपेअर' या नावाखाली जे चालते, तो मुख्यत्वे सिलिकोन आणि तत्सम द्रव्यांचा गिलावा असतो. काही न्हाण्यांनंतर तो मोरीवाटे वाहून जातो आणि केसांची मालकीण नव्याने अर्जदार म्हणून हजर होते. शिवाय केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे खांद्याखाली रुळणाऱ्या केसाचे टोक दोन-तीन वर्षांचे जुने असते आणि मधल्या काळातील प्रत्येक लग्नाची इस्तरी त्याने निमूटपणे सोसलेली असते.

ही इस्तरी दोनशे अंशांच्याही वर तापते. केस पुरते वाळले नसताना ती फिरवली, की चर्र असा आवाज होऊन वाफेचा लोट उठतो, आणि कारागीर गंभीर मुद्रेने सांगतो, "मॅडम, सिरम मुरतंय." वस्तुतः त्या क्षणी केसातले पाणी उकळून आत बुडबुडे धरत असतात आणि केस तेथून मोडण्याची सिद्धता चाललेली असते. या विद्येची परंपरा मात्र थोर आहे. कार्ल नेस्लर या जर्मन केशकाराने केस कायमचे कुरळे करण्याची उष्ण पद्धती १९०६ साली लंडनमध्ये लोकांपुढे मांडली. तत्पूर्वीच्या प्रयोगांत केस जळाले आणि टाळू पोळली ती त्याच्या पत्नीची, कॅथरिनाबाईंची. कीर्ती नेस्लरला मिळाली.

याच्या उलट केस मुळात बिघडूच न देण्याचा इलाज इतका निष्कांचन आहे, की त्याला प्रतिष्ठा मिळणे दुरापास्तच. न्हाण्यापूर्वी खोबरेल लावल्यास केसातील प्रथिनाची झीज कमी होते, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसे होत नाही, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रयोगांती प्रसिद्ध केले. (हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही नमूद केलेले बरे.) म्हणून आजीबाईंची सगळीच वहिवाट शिरोधार्य मानावी असे नाही: ओला केस सर्वाधिक कमकुवत असताना पंच्याचे सपासप फटके मारून तो झाडायचा आणि तशाच ओल्या केसांची करकचून वेणी घालून मुलीला शाळेत धाडायचे, हा अत्याचार घराघरांत राजरोस चालत असे.

सरकारदरबारी तर या तेलाची जातच कित्येक वर्षे ठरत नव्हती. लहान बाटलीतले खोबरेल खाद्यतेल की केशतेल, या कराच्या वादात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, केशतेल म्हणून विकले नसेल तर ते खाद्यच, असा निवाडा झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि सलूनची सेवा या दोहोंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. राखणदार आणि लुटारू यांना एकाच पंक्तीला बसवण्याचे औदार्य याहून मोठे कोणते?

तेव्हा होतकरू उद्योजकांनी केसांना काहीही न करणारे एक आलिशान केंद्र उघडावे, अशी आमची नम्र सूचना आहे. आगाऊ वेळ घेऊन आलेल्या ग्राहकाला मऊ खुर्चीत बसवावे, ओले केस जुन्या सुती कापडात अलगद टिपून आपोआप वाळू द्यावेत, मग रुंद दात्यांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा आणि या निष्क्रियतेचे साडेचार हजार रुपये घ्यावेत. ब्लीचसाठीचा अर्ज तीन प्रतींत, सबळ कारणांसह मागवून तिन्ही प्रती फेटाळाव्यात. इस्तरीचे नाव काढणाऱ्याची अनामत जप्त करावी. गर्दी लोटेल याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. अडचण एवढीच, की दिवसभर काहीही न करता कामात असल्यासारखे दिसणारे तज्ज्ञ आणायचे कोठून. तरी निरनिराळ्या कचेऱ्यांतून सेवानिवृत्त झालेल्या अनुभवी मंडळींनी आपले अर्ज मुदतीत पाठवावेत.