तार येणारी पोळी

“वैनी, काय करपायलंय गं तुझ्या घरी? दूध उतू गेलं का?”

कुंपणाच्या तारेवर गोधडी वाळत होती, तिच्यामागून मावशींचं डोकं वर आलं. पोखर्णीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते आधी नाकाला कळतं, मग कानाला. लपवून उपयोग नव्हता.

“दूध नाही मावशी, चीज. ब्रेड फुटला नि सगळं ताटलीवर सांडलं.”

“बेकरीत मिळतोय की ब्रेड. कशाला मांडलास खटाटोप?”

“पुतणी आलीय ना पुण्याहून. परभणीला गाडी बदलून नृसिंह टेशनावर उतरली, तेव्हापासून एकच धोशा. चीज भरलेला गार्लिक ब्रेड पाहिजे, नि तो घरचाच.”

“आन् भट्टी?”

“कढई आहे की. तळाला बोटभर मीठ, त्यावर कुकरची जाळी, वर झाकण. 10 मिनिटं तापली की ताटली आत ठेवायची. मंद आचेवर 25 मिनिटं. वरून पांढराच राहतो, म्हणून शेवटी तव्यावर उलटा टाकायचा.”

“फुगतंय कशानं? सोड्यानं?”

“यीस्टनं. 2 वाट्या मैद्याला लहान चमचाभर. चिमूटभर साखर घालून कोमट पाण्यात भिजवायचं, 10 मिनिटांत फेस येतो. पाणी तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकंच. कढत ओतलं तर यीस्ट मरतं, मग मैदा दगडासारखा बसून राहतो. या उन्हात पीठ तासाच्या आत दुप्पट होतं, थंडीत वाट बघावी लागते. गोव्यातले पाववाले तर पूर्वी माडाच्या सुरेनं पीठ आंबवायचे.”

“आता गं बया! दारूचा पाव? आन् पायानं तुडवत्यात म्हणून त्येला पाव म्हणत्यात, त्ये खरं का?”

“ते नाही खरं. पोर्तुगीजांनी आणला, शब्दही त्यांचाच.”

मावशी जरा हिरमुसल्या. पायाची गोष्ट त्यांनी आजवर निम्म्या गल्लीला सांगितली असणार. लगेच त्यांनी दुसरी बाजू धरली.

“मैदा पोटाला जड पडतोय बाई. आपल्या ज्वारीचं कर की. परभणीच्या इद्यापीठानं ती लोखंडाची ज्वारी काढलीय नव्हं?”

“परभणी शक्ती. 2018 साली आली. लोह नि जस्त जास्त आहे तिच्यात. पण मावशी, ज्वारीच्या पिठाला चिवटपणा कुठाय? भाकरीला तुम्ही कढत पाणी घेता ते त्यासाठीच ना? यीस्टचा वायू आत धरून ठेवायचा तर पीठ ताणलं गेलं पाहिजे, नि ते गव्हालाच जमतं. चार वाट्यांत एक वाटी ज्वारी मिसळली तर चालतं.”

“बरं, त्ये चीज कशाचं?”

“मोझरेला. इटलीत मूळचं म्हशीच्या दुधाचं.”

“म्हंजी आमच्या म्हशीचंच की!” मावशींनी गोठ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हशीनं ही गोष्ट त्यांच्यापासून चोरून ठेवली होती. “मग घरचं पनीर भर. पैसे वाचतील.”

“पनीर वितळत नाही. उकळतं दूध आंबटानं फाडलं की त्याची घट्ट वीण बसते, कितीही तापवा, तुकडा तसाच राहतो. चौकोनी चीजक्यूब वितळतात, पण त्यांना तार येत नाही. पोरीला तार पाहिजे.”

“मग फुटलं कशानं?”

“तेच कळेना.”

मावशी कुंपणाच्या फटीतून आत आल्या. उरलेला गोळा हातात घेतला, दाबून पाहिला, कड चिमटीत धरून उलगडली आणि माझ्याकडं पाहिलं.

“कडंला लोणी कोन लावलंय?”

“मीच. लसूण-लोणी आतून सगळीकडं फासलं.”

“तेलकट कड कव्हा चिकटती का? पुरणाच्या पोळीला उंडा भरताना कडंला तूप लावतीस का तू?”

मी गप्प. मावशींनी दुसरा गोळा घेतला. अंगठ्यांनी वाटी केली, मधे जाड, कडेला पातळ. लोणी नुसतं मधोमध. त्यावर किसलेलं गार चीज, मक्याचे दाणे, कोथिंबीर, चिमूटभर काळं तिखट. कडेला पाण्याचं बोट फिरवलं, चुण्या गोळा करून वर आणल्या, पिळा दिला आणि शेंडीचं जास्तीचं पीठ तोडून टाकलं. सांधा खाली करून गोळा ताटलीत ठेवला, तळव्यानं हलकेच चपटा केला. “आता पंधरा-इस मिंटं निजू दे त्येला,” म्हणाल्या.

हा ब्रेड फुटला नाही. पुतणीनं तोडला तेव्हा तार तिच्या कोपरापर्यंत आली. मावशींनी घास घेतला, दोनदा चावला.

“नाव काय बी ठीव. भरायची रीत पुरणाचीच हाय.”

तेव्हा बायांनो, ज्यांना पुरणपोळी जमते त्यांनी ओव्हनवाचून अडून बसू नका. कडांना लोणी लागू देऊ नका, चीज गार ठेवा, सांधा खाली ठेवा. आणि कढईतलं मीठ टाकू नका, गार झालं की वेगळ्या डब्यात भरा. पुढच्या खेपेला तेच चालतं, फक्त भाजीत घालू नका.