एक्सएल उरलाय, चालेल का?

संगणकाचं वेड असलेल्या पोरांचा पगार का वाढत नाही, हे कोडं अखेर सुटलं. पगार वाढतोय. आपण तो बँकेच्या पासबुकात शोधत होतो आणि तो निघाला कपड्यांच्या कपाटात.

परवा एका हॅकेथॉनची जाहिरात हाती आली. शनिवारी सकाळी नऊला सुरू, रविवारी सकाळी नऊला समाप्त. मधे झोपायचं नाही. प्रत्येक स्पर्धकाला टी-शर्ट. विजेत्या संघालाही टी-शर्टच, फक्त पाठीवर 'विजेता' असं छापलेला. आणि तळाशी, भिंग लागेल अशा अक्षरांत, स्पर्धेत सुचलेल्या प्रत्येक कल्पनेचा हक्क आयोजकांचा. विषय काय, तर गोदामातला माल नेमका कुठे अडकतो ते शोधणारी प्रणाली. म्हणजे कंपनीतल्या पगारी माणसांना जे वर्षभरात जमलं नाही, ते बिनपगारी पोरांनी एका रात्रीत करून द्यायचं आणि सकाळी पोहे खाऊन घरी जायचं. पोहे मिळतात, हे कबूल केलं पाहिजे. गार असतात.

आता हिशेब मांडू. दोनशे पोरं धरा. चोवीस तासांप्रमाणे झाले ४,८०० तास. छापील टी-शर्ट घाऊक भावात दीडशे रुपयांना धरा, म्हणजे तीस हजार रुपये. भागाकार केला की एका अभियंत्याच्या एका तासाची किंमत येते सव्वासहा रुपये. एवढ्यात हिंजवडीच्या टपरीवर कटिंग चहासुद्धा मिळत नाही. ज्या तिरुपूरच्या कामगाराने तो टी-शर्ट शिवला, त्याला तासाला याहून कितीतरी जास्त मिळतात. त्यामुळे संगणकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचा सल्ला एवढाच, की टी-शर्ट घालण्याच्या बाजूला जाऊ नका, शिवण्याच्या बाजूला जा.

बरं, टी-शर्ट तरी मापाचा द्यावा. तोही नाही. टेबलामागे बसलेली एचआरची मुलगी खोक्यात हात घालते, खालीवर करते आणि मान वर करून विचारते, "एक्सएल उरलाय, चालेल का?" देशातल्या एकाही हॅकेथॉनमध्ये आजवर मीडियम उरलेला नाही. मीडियम कुठे जातात, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. रात्रभर जागून डोळे तारवटलेली, वजन जेमतेम पन्नास किलो अशी पोरं गुडघ्यापर्यंत येणारे टी-शर्ट घालून बसस्टॉपवर उभी असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी आश्रमातून सुटली. पण यातही व्यवस्थापनाची दूरदृष्टी आहे. हेच पोरगं पुढे पंधरा वर्षं खुर्चीत बसतं, रात्री अकराच्या कॉलवर फरसाण खातं, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकतं, आणि चाळिशीला तोच एक्सएल त्याला बरोब्बर बसतो. पगार आयुष्यभर अपुरा पडला तरी टी-शर्ट कधी ना कधी पुरतोच. आणि तोवर तो विटत नाही, कारण आई तो उलटा करून वाळत घालते, नाव खराब होऊ नये म्हणून. कोणाचं नाव, हे तिला कोणी विचारलेलं नाही.

मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज २०१०च्या आसपास वर्षाला तीन-साडेतीन लाख होतं. आजही पोरांना बहुतेक तेवढंच सांगतात, आणि सांगताना आवाजात कुठेही कंप नसतो. दरम्यान घरभाडं, पेट्रोल, अभियांत्रिकीची फी आणि वडापाव यांनी आपापली प्रगती केली. टी-शर्टानेही केली. आधी कॉलरचा मिळायचा. मग गोल गळ्याचा आला. कॉलर गेल्यामुळे ती ताठ करून चालायचा प्रश्नच मिटला. मग हूडी आली, जी मे महिन्यात पुण्यात वाटण्यात आली. आता पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेला मिळतो, त्यात घाम येतो, पण पृथ्वी वाचते.

हे फक्त संगणकवाल्यांचं आहे असं समजू नका. ज्याला ज्याला कशाचं वेड आहे, त्याच्या त्याच्या मापाचा (एक्सएल) टी-शर्ट तयार आहे. सिनेमावेडी पोरं लाडक्या नटाचं पान चालवतात, ट्रेलर आला की पहाटे उठून पसरवतात, शो मिळावेत म्हणून थिएटरवाल्यांशी भांडतात. निर्मात्याच्या दृष्टीने हा प्रसिद्धी विभाग आहे, फक्त त्याला कँटीन नाही. प्रीमियरला त्यांना टी-शर्ट मिळतो. तिकीट नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराला रणजीतल्या कुठल्याही डावाचा धावफलक तोंडपाठ. दहावीला हेच पाठांतर इतिहासाचं का नाही, म्हणून बापाचा मार खाल्लेला. पुढे पैसे लावून संघ निवडायच्या एका ऑनलाइन खेळात त्याला याच वेडापायी नोकरी लागली, तेव्हा बापाने पेढे वाटले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि पोरगं घरी बसलं. बंदी चूक होती असं म्हणत नाही. त्या खेळांनी किती घरं धुतली ते ठाऊक आहे. पण मालकाने दुसरा धंदा काढला आणि पोराकडे राहिले सात टी-शर्ट. कपात करताना लॅपटॉप मागतात, ओळखपत्र मागतात, चार्जरची पिनसुद्धा मोजून घेतात. टी-शर्ट मात्र कोणी परत मागत नाही. माणूस बेकार झाला तरी त्याच्या छातीवरची जाहिरात चालू राहावी, ही त्यामागची भावना.

इथपर्यंत हसता येतं. पुढचं ऐका.

गेली वीस-पंचवीस वर्षं या वेड्यांनी जगाला किती फुकट दिलं, याची मोजदाद नाही. कोणाचा प्रोग्राम अडला तर रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला उत्तर लिहून दिलं. स्वतः लिहिलेला कोड खुला करून वाटला. जपानी कार्टूनं आवडली म्हणून त्यांची सबटायटलं बसून बनवली. विश्वकोश लिहिले, चुका दुरुस्त केल्या, नकाशांवर गल्ल्यांची नावं भरली. का? हौस. मग एक यंत्र आलं. त्याने हे सगळं एका दमात वाचून काढलं, आणि आता तेच यंत्र दाखवून मालक म्हणतो की नव्या पोरांची तेवढी गरज राहिली नाही. ज्यांच्या उत्तरांवर ते शिकलं, त्यांच्याच धाकट्या भावंडांची भरती थांबली. या खेपेला तर टी-शर्टही दिला नाही! कोणी विचारलंसुद्धा नाही. दोनशे जणांकडून एका रात्रीचं काम काढताना लाजेकाजेस्तव खोकी तरी मागवावी लागत होती. लाखोंची वर्षं उचलली, तेव्हा तेवढाही खर्च वाटला नाही. आणि वर हेच लोक व्यासपीठावरून सांगणार, की तरुणांनी सतत नवं शिकत राहावं. अरे, शिकवलं कोणी तुम्हाला?

१९४८च्या कारखाना कायद्याने लिहून ठेवलं होतं, की दिवसाला नऊ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दराने मजुरी द्या. तो यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगारासाठी होता, आणि तो मिळवायला माणसं रस्त्यावर उतरली होती. लॅपटॉपपुढे बसणारा पोरगा स्वतःला कामगार समजतच नाही. त्याला सांगितलंय, तू कुटुंबाचा सदस्य आहेस. कुटुंबात ओव्हरटाइम मागत नाहीत. हौसेला मोल नसतं, असं आपली माणसं लग्नात उधारी काढून म्हणायची. व्यवस्थापनाने ती म्हण शब्दशः घेतली आणि हौसेच्या रकान्यात शून्य टाकलं. युनियन म्हटलं की हीच पोरं नाक मुरडतात. मुरडा. एक्सएलमध्ये नाकापासून गुडघ्यापर्यंत सगळं झाकलं जातं.

आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र या साऱ्या कारकिर्दीचं बाजारभावाने मूल्यमापन करून घेतलं. पोराने आठ वर्षांत जमवलेले टी-शर्ट गाठोड्यात बांधले आणि बोहारणीपुढे ठेवले. तिने एकेक उलगडला, छातीवरचं नाव बोटाने खरवडून पाहिलं, आणि बाजूला सारला.

"याला काही येत नाही ताई. छापलेलं कोण घेणार?"

"अहो, नवे आहेत. यातला एक तर बक्षिसाचा आहे."

"बक्षिसाचा असू दे नाही तर अजून कशाचा. वाटीसुद्धा यायची नाही. काठाची साडी असेल तर बोला."

साडी नव्हती. शेवटी काकूंनी आतून काकांची सफारी आणली. काका पाटबंधारे खात्यात कारकून होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, कशाचंही वेड नव्हतं. बोहारणीने कापड चिमटीत धरून पाहिलं आणि झाकणाचा स्टीलचा डबा पुढे केला. काकूंनी घासाघीस करून वर एक पळी मिळवली.